भिंतीपासून भिंतीपर्यंत

जिल्ह्यातल्या एका गावी एक मोजणीदार होता. लोकांच्या जमिनी मोजण्यात त्याचा जन्म गेलेला. बांधावर उभा राहून तो नुसत्या नजरेने क्षेत्र सांगे आणि साखळी टाकली की तेच निघे. अशा माणसाची मोजणी एकदा स्वतःच्याच घरात, दहा बाय आठच्या खोलीत चुकली. कशी चुकली ते सांगतो.

ती खोली त्याच्या एकुलत्या एका मुलाची. मुलाला छोट्या आगगाड्यांचे विलक्षण वेड. वीतभर लांबीची इंजिने, हुबेहूब डबे, तसेच बारीक रूळ. नोकरी लागल्यावर त्याने एकेक करून पुष्कळ जमवले होते. पण रूळ मांडायचे तर त्यांच्याखाली पक्की लाकडी बैठक हवी. "बाबा, दिवाळीच्या सुट्टीत आपण दोघं मिळून बैठक करू," तो म्हणाला. बाप म्हणाला, "आधी नोकरीत कायम हो. मग काय खेळायचं ते खेळ." आपणही मुलांशी असेच बोलतो, आणि बोलून विसरतो. याला विसरता आले नाही, कारण दिवाळीच्या आधीच, भर पावसाळ्यात, सहा दिवसांच्या तापाने मुलगा गेला.

तेराव्यानंतर बापाने ठरवले, आता बैठक करायचीच. त्याने दोन टेबलांवर प्लायवूड टाकला आणि वर रूळ ठोकले. पावसाळ्याच्या दमट हवेत प्लाय मधोमध खचला. इंजिन उतरणीने गेले आणि त्या खळग्यात अडकून राहिले. स्मशानात ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आले नव्हते, तो माणूस त्या प्लायपुढे हमसून हमसून रडला.

गावात एक वृद्ध मिस्त्री राहत. रेल्वेच्या कारखान्यात लाकडी नमुने घडवण्यात त्यांची हयात गेली होती. मोजणीदार त्यांच्याकडे शिष्य म्हणून गेला. मिस्त्रींनी खचलेला प्लाय पाहिला आणि इतकेच म्हटले, "साहेब, फळी एकटी ठेवू नये. खाली चौकट हवी, दर दोन वितींवर आडवी पट्टी हवी. ओल सगळ्याच लाकडाला लागते, चौकट असली म्हणजे ते वाकत नाही."

वर्षभर तो शिकला. कचेरीतून आला की पायातले जोडे काढून थेट खोलीत जाई. पट्ट्या कापायच्या, गुण्या लावून कोन तपासायचा, स्क्रू पिळायचे, पाणसळ ठेवायची, पुन्हा सगळे सोडवायचे. मुलाची खाट बाहेर गेली, कपाट कुणाला तरी देऊन टाकले. पत्नी जेवायला हाक मारी, मग ताट उंबऱ्यापाशी आणून ठेवी. एकदा ती दाराशी येऊन म्हणाली, "अहो, संध्याकाळची घटकाभर त्याच्या खोलीत बसू का मी?" तो मान वर न करता म्हणाला, "पाय ठेवायला जागा नाही आत. फळ्यांना धक्का लागेल." ती परत गेली. त्यानंतर तिने विचारले नाही.

काम संपले तेव्हा बैठक भिंतीपासून भिंतीपर्यंत भरली होती. रूळ, डोंगर, स्टेशन सगळ्यांच्या जागा आखल्या होत्या; इंचभर जागा त्याने वाया जाऊ दिली नव्हती. दार आत उघडेना, म्हणून कवाड बिजागरीतून उतरवून ठेवले होते. त्याने मिस्त्रींना बोलावून आणले.

मिस्त्रींनी दारातून पोहोचेल तेवढ्यावर हात फिरवला. पाणसळीचा बुडबुडा जिथे ठेवाल तिथे मधोमध थांबत होता. "काम चोख आहे," ते म्हणाले. मग त्यांनी एक डबा घेतला, लांब पट्टीने पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत ढकलत नेला आणि तिथे आडवा पाडला.

"उचला," ते म्हणाले.

मोजणीदाराने हात लांबवला. हात पुरेना. पोटावर ओणवा झाला, तरी पुरेना. वर चढावे तर फळी मोडणार.

मिस्त्रींनी पिशवीतून ड्रिल काढले. बैठकीखालून सरपटत ते त्या कोपऱ्याच्या जरा अलीकडे गेले, एक चौकोन धरून त्याच्या चार टोकांना भोके पाडली आणि करवत घातली. एवढ्या जतनाने बसवलेल्या पट्ट्या कापल्या जाऊ लागल्या तसा मोजणीदार ओरडला, "अहो, काय करताय! माझ्या मुलाची बैठक आहे ती!" खाली शिरून त्याने म्हाताऱ्याचे मनगट धरले. म्हाताऱ्याने ते सोडवले नाही, फक्त करवत थांबवली. शेवटी मोजणीदाराचाच हात गळला, आणि तो तिथेच जमिनीवर बसला. मिस्त्रींनी कापणे पुरे केले आणि फळीचा चौकोनी तुकडा खाली आला. ओरडणे ऐकून पत्नी धावत येऊन दाराशी उभी होती.

मिस्त्री त्या भोकातून धापा टाकत उभे राहिले. म्हणाले, "साहेब, रुळांना जागा ठेवलीत, डोंगराला ठेवलीत, स्टेशनाला ठेवलीत. माणसाला उभं राहायला कुठे ठेवलीत? गाडी रुळावरून उतरणार हे धरूनच बैठक बांधतात. तुमच्या या बैठकीत जे पडेल ते पडूनच राहणार. मला पहिल्या महिन्यातच हे दिसलं होतं. वाटलं, कामात आहेत, दुःख हलकं होईल. नाही बोललो. ती माझी चूक झाली."

मोजणीदार खालून म्हणाला, "पडलेला उचलता येत नाहीच, मिस्त्री. मी हात लावून पाहिला होता. गार पडला होता तो."

"तो नाही येत," मिस्त्री म्हणाले. "त्याला कोणी आणू शकत नाही, मी खोटं सांगणार नाही. पण वर्ष झालं, वहिनी दाराशी उभ्या आहेत."

मिस्त्रींनी करवत पिशवीत घातली, वाकून बाहेर आले आणि पायऱ्या उतरून गेले. पदर खोचून पत्नी बैठकीखाली शिरली, नवऱ्याच्या बाजूने पुढे सरकली आणि त्या चौकोनात उभी राहिली. तिथून तिचा हात कोपऱ्यापर्यंत सहज पोहोचला. आडवा पडलेला डबा तिने सरळ केला आणि हात तसाच त्यावर ठेवून ती म्हणाली, "इथे त्याची उशी असायची."

ज्याने तालुक्यातली सगळी शेते मोजली, त्याला त्या क्षणी दोन हात जागेचा अंदाज येईना. खाली बसल्याबसल्याच त्याने विचारले, "मी मावेन का तिथे?"

ती म्हणाली, "या."

जागा एकाच माणसाची होती. ते दोघे अंग चोरून तिथे उभे राहिले. त्या दिवशी गाडी धावली नाही, पुढे कधी धावली का ते मला ठाऊक नाही. पण तिचे रडणे त्याने वर्षभरात पहिल्यांदाच जवळून ऐकले.