तेजलच्या चौकोनात घोलप

“पण नाना, पळता पळता आमची तेजल मधेच मागं का बघते?”

नाना मगदूम काही बोलले नाहीत.

हायस्कूलच्या मैदानावर चाळीस वर्षं पोरींना खो-खो शिकवणारा हा माणूस मुळातच कमी बोलायचा. गेल्या दिवाळीला नवी कवळी बसवली, तेव्हापासून आणखी कमी. दोन वाक्यं सलग बोलली की वरची कवळी सुटते. लोक त्याला मौन म्हणतात आणि लांबून लांबून ऐकायला येतात.

घोलप आले होते एस.टी. स्टँडवरून, ड्यूटी संपवून, खाकीतच. स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारतात ते हेच घोलप. घरी माईक नसतो. त्यांना लागतही नाही.

“मी मोजलंय नाना. तिनं मागं बघितलं की अर्धा सेकंद जातो. तीन मॅच झाल्या, तिन्हींत तशीच आउट झाली.”

“बघते कुठं?”

“रेषेबाहेर.”

“तिथं कोण असतं?”

“कोण म्हणजे... मीच असतो.”

नानांनी मान डोलावली. घोलपांनीही डोलावली. एकाला कळलं होतं म्हणून, दुसऱ्यानं नुसती सोबत केली.

“मी नसलो तर तिला सांगणार कोण, नाना? डावीकडं वळ, खांब धर, वाक आता...”

हे मात्र खरं. घोलप रेषेवर उभे राहिले की मैदानात गाडी मागं घेतायत असं वाटायचं. येऊ दे, येऊ दे, जरा उजवीकडं, बास. मागच्या महिन्यात समोरच्या शाळेच्या दोन पोरी त्यांचं ऐकून एकमेकींवर आदळल्या.

घरीही काही कमी नव्हतं. भिंतीवर तक्ता, रात्री भिजवलेले बदाम, सकाळी अंड्यातलं पांढरं. पिवळं वाया जाऊ नये म्हणून घोलप स्वतः खायचे. ते कुठं जातंय हे खाकीच्या बटणांवरून दिसत होतं.

“रविवारी जिल्ह्याची निवड आहे. आणि ही कालपासून म्हणते, मला खेळायचंच नाही. खो-खोच सोडते म्हणते.” घोलपांचा आवाज जरा खाली आला. मग परत वर गेला. “नाना, तुम्ही तिला सगळं शिकवलं. जिद्द तेवढी शिकवली नाही.”

नाना लिंबाकडं बघत राहिले...

लिंबाखाली तेरा वर्षांची तेजल बसली होती, घोट्याला क्रेप बँडेज बांधून. पाय मुरगळलाय, असं तिचं म्हणणं. शाळेत बँडेज उजव्या पायाला होतं. मैदानावर येईपर्यंत ते डाव्या पायाला आलं होतं. नानांनी बघितलं. मैदानावर चुन्याच्या रेषा मारायला मी असतो, मीही बघितलं. पोरींनी तर केव्हाच बघितलं होतं. घोलपांना अर्धा सेकंद दिसतो, अख्खा पाय दिसत नाही.

“एक कमी पडतीय,” नाना म्हणाले.

“कशात?”

“डावात. नऊ लागतात, आठच आहेत. बूट काढ.”

“मी?”

नानांनी बोटानं चौकोन दाखवला. तेजलचाच.

आता ज्यांनी खो-खो फक्त पेपरात वाचलाय त्यांच्यासाठी सांगतो. दोन खांबांमधल्या ओळीत, आपापल्या चौकोनात आठ जणी बसतात, एकीचं तोंड इकडं तर शेजारणीचं तिकडं. नववी पळणाऱ्यांच्या मागं लागते. तिनं मागून पाठीवर हात ठेवून ‘खो’ म्हटलं, की बसलेलीनं उठून पळायचं आणि तिच्या जागेवर हिनं बसायचं. हात पडेपर्यंत उठायचं नाही. एवढंच आहे. तरी माणसांचा जन्म जातो.

घोलप बसले. गुडघ्यांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. तोंडासमोर आली शाळेची मुतारी.

नानांनी शिट्टी मारली. घोलप लगेच उठले.

“काका, फाउल.” शेजारच्या चौकोनातून आवाज आला. सहावीतली सादिया मुल्ला, पाठमोरी.

“अगं, ती माझ्या पुढून गेली. मला दिसली.”

“दिसली तरी उठायचं नाही.”

घोलप बसले. थोड्या वेळानं परत उठले.

“काका.”

“अगं पण ती पलीकडची चुकतीय, तिला सांगायला नको का?”

“नको.”

“मग इथं बसून करायचं काय?”

“वाट बघायची,” सादिया म्हणाली.

घोलपांनी स्टँडवर आयुष्यभर हजारो माणसांना वाट बघायला लावली. स्वतः बघण्याची ही पहिलीच वेळ. मुतारीकडं तोंड करून, श्वास धरून, ते बघत राहिले...

शेवटी पाठीवर हात पडला. “खो.”

घोलप उठले ते सुटलेच. पुढं एक चिमुरडी, मागं हे पंचेचाळिशीचं धूड. आणि लिंबाखालून आवाज आला.

“पप्पा, डावीकडं. डावीकडं ओ. ती खांबाकडं चाललीय. वाका की. अहो, हात लांब करा, हात.”

तेजल उभी राहिली होती. मुरगळलेल्या पायावरच.

घोलप पळता पळता थांबले आणि वळून तिच्याकडं बघायला लागले. ती चिमुरडी त्यांच्या पुढ्यातून गेली. जाताना सुटलेली रिबीनसुद्धा बांधून गेली.

“पप्पा, माझ्याकडं काय बघताय?”

“तू गप्प बस गं जरा. तू ओरडायला लागलीस की मला काही सुचत नाही.”

...

सगळ्या पोरींनी एकदम नानांकडं बघितलं. नाना आभाळाकडं बघत कवळी चाचपत होते.

घोलप मैदानाच्या मधोमध उभे होते. चुकीची गाडी पुकारल्यावर माणूस माईककडं बघतो, तसे ते स्वतःच्याच हातांकडं बघत होते.

मग हळूच म्हणाले, “पुढं खेळू का, नाना?”

“खेळ.”

खेळले. शर्ट काखेत उसवला, तरी खेळले. एकदा त्यांनी असा खो दिला की रस्त्यापलीकडच्या थांब्यावर दोन माणसं पिशव्या घेऊन उठली. एक पळती बाद केली. तिचा बूट निघाला होता हे आम्ही कुणी बोललो नाही. त्यानंतर घोलपांनी फाउल केला नाही. कुणाला काही सांगितलंही नाही. सादिया म्हणाली, काका आता जमतंय, तर गडी लाजला.

अर्धा तास झाला. तेजल रेषेवर येऊन उभी होती.

“पप्पा, उठा आता. ती माझी जागा आहे.”

“तुझा पाय दुखतोय ना?”

“राहिला.”

“बस तिकडं. आणखी एक पळती बाद करतो, मग उठतो.”

“माझी जागा आहे पप्पा.”

“तू तर सोडलंस ना?” घोलप मुतारीकडं बघतच म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारत होते.

तेजल वाकली, बँडेज सोडलं, गुंडाळून खिशात घातलं. चालत आत आली, बापाच्या मागं उभी राहिली, पाठीवर तळहात ठेवला.

“खो.”

हे नियमात नाही. नानांची शिट्टी ओठांपर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

घोलप उठले आणि पळाले. अर्ध्या तासात एवढं अंगात भिनलं होतं. खांबापर्यंत गेले, खांबाला वळसा घातला आणि मग त्यांनी बघितलं. चौकोनात तेजल बसली होती, पाठमोरी.

डाव चालू झाला. तेजलला खो मिळाला. ती उठली, पळाली, खांब धरून वाकली आणि एकीला बाद करून पुढच्या पाठीवर हात ठेवला. घोलपांनी तोंड उघडलं. मग स्वतःच मिटलं.

तिनं एकदाही मागं बघितलं नाही.

घोलप अनवाणीच नानांजवळ आले. दम लागला होता.

“नाना... रविवारी ती खेळणार, असं दिसतंय.”

“हं.”

“मला काय वाटतं नाना... म्हणजे, तिचं मी सगळं बघितलंय, पण असं खेळताना नाही बघितलं.” घोलप मातीत अंगठा फिरवत होते. “रविवारी मी आलो तर चालेल का?”

नाना पोरींकडं बघत होते. एक डाव संपला. पोरी पाणी प्यायला पळाल्या...

“ये की,” नाना म्हणाले. “फक्त येताना तेजलच्या बापाला घरी ठेवून ये.”