अडखळणारी नाडी

एकदा एक तरुण वैद्य आपले मरण मनगटात लपवून समुद्रापार चीन देशी गेला.

तो मूळचा कोकणकिनाऱ्यावरील एका बंदरगावचा. त्याचे वडीलही वैद्य होते. एके सकाळी विहिरीवर पाणी शेंदता शेंदता ते कोसळले, ते पुन्हा उठले नाहीत. अखेरच्या काळात त्यांची नाडी मधूनच एक ठोका चुकवत असे. नाडीपरीक्षा शिकताना मुलाने ती स्वतःच्या बोटांनी अनुभवली होती. कुणी अंगणातून चालत यावे आणि मध्येच एक पाऊल ऐकू येऊ नये, तशी ती पोकळी होती. पुढे काही वर्षांनी, रुग्णांची वाट पाहत बसलेला असताना त्याने सहज आपल्याच मनगटावर तीन बोटे ठेवली, आणि तीच पोकळी त्याच्या बोटांखाली आली.

त्या दिवसापासून त्याचे सुख सरले. आईला त्याने काही सांगितले नाही. येसूशी त्याचा विवाह ठरला होता. तिच्या वडिलांना तो म्हणाला, "परदेशची विद्या शिकून येतो, मग मुहूर्त पाहू." आणि तो भानुशेटच्या गलबतावर चढला. तिकडे एखादे औषध मिळाले तर उत्तम. न मिळाले तर आईच्या डोळ्यांदेखत तरी आपला देह पडणार नाही, एवढाच त्याचा हिशेब होता.

भानुशेट सुंठ-मिरीचा व्यापारी. चीनच्या त्या कालव्यांच्या नगरीत त्याची वर्षानुवर्षे ये-जा होती, तिथली भाषा त्याला घरच्यासारखी येई. त्यानेच या तरुणाला एका वृद्ध वैद्याकडे नेले. कमानदार दगडी पुलाच्या उतारावर त्याचे घर होते. आत भिंतभर लहान लहान खण, त्यांतून वाळलेल्या संत्रासालीचा आणि दवण्यासारख्या कसल्याशा पाल्याचा वास येत होता.

"शिकायला आलास की दाखवायला?" वृद्धाने विचारले. भानुशेटने तो प्रश्न मराठीत सांगितला.

"शिकायला," तरुण म्हणाला.

वृद्धाने मान डोलावली, पण शिकवले मात्र काहीच नाही. रोज पहाटे तो त्याला पूल ओलांडून पलीकडच्या वाळुंजाच्या झाडांखाली घेऊन जाई. तिथे गावातली म्हातारी माणसे पाण्यातून हात फिरवावेत तशा संथ गतीने हात फिरवत, एका पायावर तोल सांभाळत, श्वास पोटापर्यंत नेत. तरुणालाही तसेच करायला लावत. परतताना वृद्ध त्याच्या हाती पाण्याने भरलेल्या घागरी देई आणि खुणेने पुलाच्या पायऱ्या चढायला सांगे. घरी आल्यावर तांदळाची पातळ पेज, वर आल्याचे काप. दुपारी गरम चहा. मग रुग्ण येत, आणि तरुण कोपऱ्यात बसून पाही. चीनमध्येही तीनच बोटांनी नाडी पाहतात हे पाहून त्याला पहिल्यांदाच या परक्या मुलखात आपलेपणा वाटला होता. पण आठवड्यांमागून आठवडे गेले आणि तो मनातून चिडू लागला. आपल्याजवळ दिवस थोडे, आणि हे गृहस्थ आपल्याकडून पाणी भरून घेतात!

अखेर एके दिवशी त्याने भानुशेटला बोलावून आणले. "शेटजी, यांना विचारा, मला शिकवणार आहेत की नाहीत."

वृद्धाने ते ऐकून घेतले. मग रुग्णाच्या चौरंगाकडे बोट दाखवले. "बैस तिथे."

तरुण बसला. मेजावर भाताच्या तुसाची एक छोटी उशी होती, तिच्यावर वृद्धाने त्याचा हात ठेवला आणि डोळे मिटून नाडी पाहिली. आधी एक हात, मग दुसरा. बराच वेळ गेला. तरुणाच्या कपाळावर घाम आला. चोरी उघडी पडली होती.

वृद्धाने डोळे उघडले, पण निदान सांगितले नाही. उलट आपलीच बाही मागे सारली आणि स्वतःचा हात त्या उशीवर ठेवला.

"आता तू माझी पाहा."

तरुणाने बोटे ठेवली. क्षणभर सारे ठीक होते. मग एक ठोका आलाच नाही. थोड्या वेळाने पुन्हा एक चुकला. ती त्याच्या वडिलांच्या नाडीसारखी होती, आणि त्याच्या स्वतःच्याही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय दिसतं?" वृद्धाने विचारले.

"शेटजी, यांना म्हणावं, काही नाही. सगळं उत्तम आहे."

पण वृद्धाला भाषांतराची गरज पडली नाही. "वैद्याने खोटं बोलू नये," तो म्हणाला. "काय दिसतं ते सांग."

तरुण खाली मान घालून पुटपुटला, "मरण. फार लांब नाही."

"हे मी नाही सांगायचा!" भानुशेट उसळला. "वैद्यबुवा, डोकं ठिकाणावर आहे ना? ज्याच्या घरची पेज खाल्ली त्याला..."

"सांगा," तरुण म्हणाला. "त्यांनी विचारलंय."

भानुशेटने घसा खाकरत, शब्द चाचपडत ते सांगितले. वृद्ध ऐकत राहिला आणि मग इतका मोकळा हसला की बाहेर बसलेले रुग्ण आत डोकावले.

"तुझ्या वयाचा होतो तेव्हापासून ती अशीच अडखळते," तो म्हणाला. "एव्हाना माझ्या नातवंडांचीही लग्नं झाली. बाळ, तू मला एक तरी प्रश्न विचारलास का? चालताना दम लागतो का, पाय सुजतात का, उताणं झोपता येतं का? एक ठोका चुकला, आणि तू एवढ्यावर माझी चिता रचलीस. बरं, तुझ्या घरी कुणाची नाडी अशी होती?"

"वडिलांची."

"त्यांचे पाय सुजायचे?"

तरुण आठवू लागला. "हो. संध्याकाळी वहाणा पायात शिरत नसत. उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचे. देवळाच्या पायऱ्या चढताना तर मध्येच थांबायला लागायचं."

"आणि तू? भरल्या घागरी घेऊन हा पूल चढताना किती वेळा थांबलास?"

तो एकदाही थांबला नव्हता. उलट वर पोहोचून वृद्धाची वाट पाहत तो उभा राही.

"तू आलास त्याच दिवशी मी तुझी बोटं तुझ्याच मनगटावर पाहिली," वृद्ध म्हणाला. "शिकायला आलो म्हणालास, म्हणून मी गप्प राहिलो. पण त्यानंतर रोज सकाळी मी तुझा श्वास पाहिला, पाय पाहिले, झोपून उठल्यावरचा चेहरा पाहिला. काही बैल थकून अडखळतात, काहींची चालच तशी असते. नुसता आवाज ऐकून ते कळत नाही, सबंध बैल पाहावा लागतो. तुझ्या वडिलांचं हृदय थकलं होतं. तुझं थकलेलं नाही. उद्या कधी दम लागला, तर तडक कुणा वैद्यापुढे हात कर. मात्र स्वतःची नाडी स्वतः पाहू नकोस. घाबरलेल्या बोटाला फक्त भीतीच लागते."

भानुशेट हे सांगता सांगता शेवटी स्वतःच डोळे पुसू लागला. तरुण मात्र रडला नाही. पाठीवरचे ओझे कुणी अचानक उतरवावे आणि माणसाला उभे कसे राहावे तेच कळू नये, तसे त्याचे झाले. तो एवढेच बोलला, "शेटजी, तुमचं गलबत परत केव्हा निघतं?"

"वारा फिरला की. का?"

"माझ्या आईला निरोप द्या, मी खुशाल आहे. आणि येसूच्या वडिलांना म्हणावं, पुढच्या खेपेला मी येतो. मुहूर्त पाहून ठेवा."

"आणि इथली विद्या?"

"ती आजपासून शिकायची आहे."

वृद्धाने लाकडी घंगाळात गरम पाणी ओतायला लावले, त्यात आले ठेचून टाकले आणि तरुणाचे पाय त्यात सोडले.

"हे कोणत्या रोगावर?" त्याने विचारले.

"थकव्यावर," वृद्ध म्हणाला. "इतके दिवस भीती वाहत होतास. ते घागरी वाहण्याहून कष्टाचं काम आहे."

ऊब घोट्यांतून वर चढू लागली. तरुणाची मान हळूहळू मागच्या भिंतीला टेकली आणि दिवसाढवळ्या, रुग्णांच्या गर्दीत, तो गाढ झोपी गेला. वृद्धाने पुढच्या रुग्णाला खुणेनेच जवळ बोलावले. नाडीला हात लावण्यापूर्वी त्याने त्या बाईला हलक्या आवाजात विचारले, "सांगा, अलीकडे झोप कशी लागते?"