गारांचा हार आणि बुरुजावरचा शब्द

एका राज्यात शुक्रवार उजाडला की लोक आधी बुरुजाकडे पाहत, मग चुलीकडे. बुरुजावर मेघवाचक उभा राही आणि येत्या शनिवार-रविवारचे आभाळ सांगे. राज्याचे प्रांत तीन. खाली समुद्राची पट्टी, मध्ये मैदान, वर डोंगर. तिन्हींचे आभाळ निराळे, म्हणून तिघांसाठी बोलही निराळा. दवंडीवाले तो बोल घेऊन घोडे दौडवीत, आणि त्या बोलावर कोळी होडी लोटी, शेतकरी खळ्यावर धान्य पसरी, धनगर मेंढरे हाकी.

मेघवाचकाचे नाव सोमशर्मा. त्याचा शब्द कधी खाली पडला नव्हता. पण गेली काही वर्षे वसंत आला की आभाळ त्याच्या शब्दाला जागेना. त्याने ऊन म्हणावे, तर गारा पडाव्यात. पाऊस म्हणावे, तर धूळ उडावी. त्याने मनात असेल त्याच्या उलट बोलून पाहिले, तर आभाळ त्याच्याही उलट वागले. गेल्या वसंतात त्याने समुद्र शांत राहील असे सांगितले आणि दुपारीच वादळ उठले. होड्या फुटल्या, माणसे फळ्यांना धरून कशीबशी काठाला लागली. त्या दिवसापासून सोमशर्मा बुरुजावर बसे, पण तोंड उघडीना.

बोल नाही म्हणून कोणी घरचा उंबरा ओलांडीना. बाजार ओस पडले. मीठ किनाऱ्यावर राहिले, धान्य मैदानात राहिले, आणि डोंगरातली माणसे अळणी भाकरी खाऊ लागली.

अशा त्या वसंतात राजा भद्रसेनाची एकुलती कन्या कादंबिनी हिचे लग्न ठरले. वर डोंगरातला, नाव शैलकेत. मुहूर्त रविवारचा, गोरज. राजाने तिन्ही प्रांतांना अक्षत धाडली. किनाऱ्याहून निरोप आला की यायची हौस फार आहे, पण समुद्राचा भरवसा नाही. मैदानाने तसेच कळवले. शैलकेताने मात्र कळवले की दरीवरचा दोरांचा पूल वादळात तुटला तरी तो येणार. हे ऐकून राजकन्येला आनंद झाला नाही. ती बुरुज चढून सोमशर्म्याकडे गेली आणि तिने त्याला एकच गोष्ट विचारली.

"आचार्य, त्या पुलावर रविवारी वारा असेल का?"

सोमशर्म्याने आभाळ न्याहाळले. मग म्हणाला, "राजकन्ये, मला दिसते ते मी सांगितले, तर ते खोटे होईल. माझ्या शब्दाने तुझा वर दरीत जाऊ नये."

कादंबिनी जिना उतरू लागली, तोच कठड्यावर बसलेली एक टिटवी बोलली. पक्ष्यांनी बोलणे त्या राज्यात नवे नव्हते, पण टिटवी उगाच बोलत नसे.

"गेल्या वसंतात माझी अंडी पुरात वाहून गेली," टिटवी म्हणाली. "मला ह्या शापाचा उगम ठाऊक आहे. चालायची तयारी असेल तर चल."

राजकन्येने पायांत जाड वहाणा घातल्या, पित्याला निरोप ठेवला आणि ती निघाली.

टिटवीने तिला रानातल्या एका गुहेपाशी नेले. तिथे कुंभोदर नावाचा मांत्रिक राहत असे. तो गुहेबाहेर खाटेवर पापड वाळत घालीत होता. घालून झाले की पाऊस येई, उचलले की ऊन पडे. पापडांचा लगदा झाला होता आणि मांत्रिकाच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. राजकन्येने वाकून नमस्कार केला आणि काही न विचारता लगदा गोळा करायला हात लावला. तेव्हा तो मऊ झाला आणि त्याने सगळी हकिगत सांगितली.

मेघमाय म्हणून ढगांची एक आई आहे, तो म्हणाला. दूरच्या समुद्रांवर फिरतीला जाताना तिने आपल्या थोरल्या गारा, न वितळणाऱ्या, कुंभोदराच्या गुहेत राखायला ठेवल्या होत्या. भद्रसेन तरुणपणी शिकारीला आला, त्या गारा त्याला रत्नांसारख्या दिसल्या. त्याने त्या उचलल्या, हार ओवला आणि नव्या राणीच्या गळ्यात घातला. कुंभोदराने रागाच्या भरात शापले की मेघमाय परतेल त्या दिवसापासून ह्या राज्यातले वसंताचे आभाळ कोणाच्याही शब्दाला जागणार नाही. ती परतली, आणि शाप जागा झाला.

"मग आजोबा, शाप मागे घ्या," राजकन्या म्हणाली.

"घेता येत असता, तर माझे पापड असे भिजते का?" मांत्रिक म्हणाला. "हार मेघमायेच्या हाती द्यावा लागेल. ती सर्वांत उंच सुळक्यावर असते. तिथवर वाट नाही. आधी किनाऱ्यावरच्या धुक्याशी सख्य कर, मग मैदानातल्या वावटळीशी. ती दोघे नेतील."

राजकन्येचा हात गळ्याशी गेला. हार तिच्याच गळ्यात होता. आई गेली तेव्हा ती लहान होती, आणि आईचे म्हणून तिच्यापाशी तेवढेच उरले होते. ती उठली आणि समुद्राच्या वाटेला लागली.

किनाऱ्यावर धुके होते, पण ती जवळ जाई तसे ते मागे सरे. तिने हाक मारली, ते पांगले. तिने धाव घेतली, ते खाडीपल्याड जाऊन बसले. जाळी विणत बसलेल्या एका कोळणीने, रखमाईने, तिला जवळ बोलावून सांगितले की धुके लाजाळू आहे, त्याच्याकडे टक लावून पाहू नये. मग राजकन्या वाळूवर बसली, तिने डोळे मिटले आणि आपल्या लग्नाच्या गोष्टी ती आपल्याशीच बोलू लागली. कोणती साडी, कोणते ताट, कोण येणार, कोण रुसणार. लाजाळू असले तरी धुक्याला अशा गोष्टी ऐकायच्याच असतात. ते हळूहळू जवळ आले, तिच्या गुडघ्याला टेकले आणि शेवटी ओटीत शिरले. तिने पदराची गाठ मारली. पदर ओला आणि गार झाला, एवढेच.

पुढे मैदान लागले. तिथे वावटळ पाचोळा, कडबा, कोणाचे धोतर, कोणाची टोपली असे सगळे घेऊन गरगर फिरत होती. माणसे दारे लावून बसली होती. टिटवीने बजावले की वावटळीला थांब म्हटलेले सोसत नाही. राजकन्येने वहाणा काढल्या, पदर खोचला, वावटळीसमोर पाय रोवले आणि दोन्ही हात पुढे केले.

"फुगडी घालतेस का?" तिने विचारले.

वावटळीला असे कोणी कधी विचारले नव्हते. तिने हात धरले. मग जी फुगडी रंगली, ती पाहायला माणसांनी दारे उघडली. बायका ओट्यावर येऊन गाणी म्हणू लागल्या. एका आजीबाईने वावटळीला वेग आवर म्हणून दटावलेही. राजकन्येचे डोके भणभणले, पाय भाजले, पण तिने हात सोडले नाहीत. अखेर वावटळच दमली आणि हसत हसत जमिनीवर बसली. धोतर आणि टोपली ज्याची त्याला परत मिळाली. ज्याचे धोतर होते तो ते घेताना फार लाजला.

मग वावटळीने राजकन्येला अलगद उचलले, धुक्याने पदरातून बाहेर येऊन तिच्याखाली पायघडी घातली, आणि अशी ती सुळक्यावर उतरली. टिटवी धापा टाकीत मागून पोचली.

मेघमाय तिथे पसरली होती. काळी, थोर, दोन शिखरांच्या मध्ये न मावणारी. तिच्या पोटात गडगडाट होत होता, आणि जवळून ऐकले तेव्हा राजकन्येला कळले की तो राग नाही, तो हुंदका आहे.

"माझी लेकरे तुझ्या गळ्यात आहेत," मेघमाय म्हणाली.

राजकन्येने हार काढला, पण मूठ उघडेना. तिने खरे तेच सांगितले. ती लहानपणी तापाने फणफणलेली असताना आई हाच हार तिच्या कपाळावर ठेवी. हार गेला की आईचा हात गेल्यासारखे होईल. तिने तो शेवटचा एकदा कपाळाला लावण्याची परवानगी मागितली. मेघमाय थांबली. सुळक्यावर तेवढा वेळ वारा पडला.

मग राजकन्येने मूठ उघडली.

मेघमायेने एकेक गार उचलून पाहिली, हुंगली, पोटाशी घेतली. शेवटी म्हणाली, "एकीलाही तडा नाही. तुझ्या आईने ह्यांना कधी उन्हात नेले नाही. ती त्यांना आपल्या लेकीसारखीच जपत होती."

हे ऐकून कादंबिनी रडली. मेघमायही रडली. डोंगरात त्या दिवशी जो पाऊस पडला तो लोकांना कोमट लागला. आणि शाप सुटला. त्याचा आवाज झाला नाही, काही चमकले नाही. फक्त दूर रानात कुंभोदराने खाटेवर एक पापड घातला आणि तो वाळला.

राजकन्या परतली तेव्हा भद्रसेन राजा वेशीवर उभा होता. तिने घडले ते सांगितले. राजाने मान खाली घातली आणि तिचे धुळीचे पाय स्वतः धुतले. शुक्रवार उजाडला होता. सोमशर्मा बुरुजाच्या टोकाशी आला. खाली सारी नगरी जमली होती, तरी कोणी खाकरले नाही.

"ऐका," सोमशर्मा म्हणाला. "आभाळ चंचल आहे. शनिवारी किनाऱ्यावर सकाळी दाट धुके, उन्हे वर आल्यावर निवळेल. होड्या तेव्हाच काढा. मैदानात दुपारी सोसाट्याचा वारा आणि सरी, गाड्या त्याआधी हाका. डोंगरात गडगडाटासह पाऊस, तुरळक गारा. रविवारी पहाटे डोंगरात उघडीप, पुलावर वारा नाही. वऱ्हाडाने तेव्हाच पूल ओलांडावा. सांजेला राजधानीत पाऊस, गोरज मुहूर्ताच्या सुमारास. थांबणार नाही."

आता आपल्या लग्नात पाऊस आहे असे ऐकून कोण आनंदते? पण खालून असा जल्लोष उठला की बुरुजावरची कबुतरे उडाली. लोकांना उन्हाचा हट्ट नव्हता. त्यांना केव्हा निघायचे ते हवे होते.

धुके निवळले आणि होड्या सुटल्या. वाऱ्याआधी गाड्या मुक्कामाला पोचल्या. रविवारच्या पहाटे पूल निश्चल होता, आणि त्यावरून शैलकेत आणि त्याचे वऱ्हाड वाजतगाजत आले. टिटवीने सोमशर्म्याला विचारून नदीपासून बेताच्या अंतरावर अंडी घातली.

सांजेला लोक इरली, घोंगड्या, सुपे डोक्यावर घेऊन मांडवात बसले. अंतरपाट धरला आणि पहिला थेंब पडला. राजाने मांडवावर आणखी आच्छादन घालण्याची आज्ञा दिली, तर नवरी नको म्हणाली. अंतरपाट दूर झाला, तेव्हा वर आणि वधू दोघेही नखशिखांत भिजलेले होते आणि एकमेकांना पाहून हसत होते. अक्षता ओल्या होत्या, ज्याच्या त्याच्या केसांना चिकटल्या. भटजींनी मंत्र थोडे मोठ्याने म्हटले. कोणी उठून गेले नाही.

त्यांच्या दारी सांगितला पाऊस आला, तुमच्या दारी मागितला येवो. कहाणी इथे थांबली, सरी चालूच राहिल्या.