इलियासची टेप

"टेप मेलेली आहे की नाही, एवढंच सांगा, सर. बाकी काही नको."

कारखानीस सर मटार सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी कशाला सांगायला हवं?"

"तुम्ही म्हणालात तर इलियास मानेल. माझं तो ऐकणार नाही."

निरंजन खेर घाम पुसत खुर्चीत टेकला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण सरांपुढे आला की अजून नववीतलाच. गाडीच्या डिकीतून त्याने काय काय उतरवून आणलं होतं! एक छोटा टीव्ही, शाळेत होता तसलाच बीबीसी मायक्रो कम्प्युटर आणि स्वतःचा लहानपणचा कॅसेट प्लेअर. सरांचं जेवणाचं टेबल भरून गेलं. मटाराची परात तेवढी कशीबशी कडेला राहिली.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. तेव्हा कम्प्युटरवरचे खेळ गाण्यांसारखे कॅसेटमध्ये भरलेले असत. कॅसेट लावायची, ती किंचाळत राहायची, आणि कम्प्युटर ते किंचाळणं ऐकून ऐकून खेळ उभा करायचा. तोवर आपण देव पाण्यात घालून बसायचं. जमलं तर जमलं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

सांगलीच्या त्या शाळेत तेव्हा दोन पक्ष होते. निरंजनकडे मामाने इंग्लंडहून आणलेला स्पेक्ट्रम कम्प्युटर होता. इलियास मुजावरच्या घरी कम्प्युटर नव्हता. शाळा सुटल्यावर सर त्याला शाळेच्या बीबीसीवर बसू देत, आणि कॅसेट भरायला तो घरचा प्लेअर पिशवीतून घेऊन येई.

"तुझ्या कम्प्युटरच्या कळा म्हणजे खोडरबर," इलियास निरंजनला म्हणायचा.

"तुझा कम्प्युटर सरकारी," निरंजन म्हणायचा.

सगळा वर्ग वाटला गेला होता. ज्या पोरांनी दोन्हींपैकी एकालाही हात लावला नव्हता, ती सगळ्यांत जोरात भांडत.

मग स्नेहसंमेलन आलं. इलियास स्वतः लिहिलेला खेळ सगळ्यांसमोर चालवून दाखवणार होता. नेमका त्या दिवशी घरचा प्लेअर त्याला मिळाला नाही, म्हणून निरंजनचा लावला. खेळ आलाच नाही. पोरं हसली. निरंजन सगळ्यांत मोठ्याने हसला. इलियासने कॅसेट खिशात घातली, आणि त्यानंतर तो निरंजनशी एक शब्द बोलला नाही.

आता निरंजन जुन्या कम्प्युटरांचं संग्रहालय उघडत होता. रविवारी उद्घाटन. त्याने इलियासला आमंत्रण धाडलं. उत्तरादाखल ती कॅसेट आली आणि सोबत निरोप आला. त्याच प्लेअरवर चालव. चालली तर येतो.

"त्याने यावं असं वाटतं तुला?" सरांनी विचारलं.

"वाटतं, सर. फार वाटतं."

"मग चालव."

निरंजनने कॅसेट लावली. किंचाळी सुरू झाली. पडद्यावर खेळाचं नाव उमटलं, आकडे जरासे पुढे सरकले आणि अडकले. टेप मागे घ्या, अशी इंग्रजीत सूचना आली.

"बघितलंत? दर वेळी हेच."

"आणि तुझ्या कॅसेट?"

"पहिल्या फटक्यात! सगळ्या." निरंजनचा चेहरा उजळला. "हेड इतक्या बारकाईने जुळवलंय मी, की कंपनीची कुठलीही कॅसेट आणा."

हेड म्हणजे प्लेअरमधला तो चकचकीत तुकडा, ज्याला फीत घासून जाते. त्याचा कल एका बारक्या स्क्रूने बदलता येतो.

"इलियासने ही भरली कशावर?"

"त्याच्या घरच्या प्लेअरवर. तो एकदा माळ्यावरून पडला होता. त्याचं हेडच वाकडं होतं."

"असं होय..."

"मग माझ्या सरळ हेडवर ती येणार कशी?"

सरांनी एक शेंग फोडली.

"हे तुला तेव्हा माहीत होतं?"

"नाही, सर. शप्पत नाही."

"आता?"

"आता आहे."

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

सरांच्या हातातली शेंग रिकामी झाली, त्यांनी दुसरी घेतली...

"स्क्रू जरा फिरवला तर येईलही कदाचित," शेवटी निरंजन म्हणाला. "पण मग माझी एकही टेप चालायची नाही. आणि..."

"आणि?"

"आणि ही चालली, तर त्या दिवशी इलियासचं काहीच चुकलं नव्हतं असं होतं."

"फितीच्या बाजूने बघ," सर म्हणाले. "वाकडं कोण?"

निरंजनला राग आला. एवढ्या लांब आलो, आणि हे असले प्रश्न! सर पुढे काही बोलतील म्हणून त्याने वाट पाहिली. सरांनी पुढची शेंग उचलली.

मग त्याने पिशवीतून बारका स्क्रूड्रायव्हर काढला. आपल्याच हाताने जुळवलेलं आपल्याच हाताने बिघडवायचं, त्याच्या अगदी जिवावर आलं. टेप सुरू केली आणि स्क्रू केसभर फिरवला. आवाज बोदा झाला. उलटा फिरवला. आवाज खणखणीत झाला.

त्याने टेप पुन्हा पहिल्यापासून लावली. आकडे पुढे सरकू लागले. सरांचा हात परातीत थांबला.

पडद्यावर कृष्णेचं पात्र आलं. काठाला दोन होड्या. एकीखाली नाव होतं इलियास, दुसरीखाली निरंजन.

"सर... यात मी आहे."

"दिसतंय."

निरंजनने कळ दाबली. त्याची होडी निघाली. दुसरी काठालाच उभी होती, तिच्या कळांवर कुणी नव्हतं. होडी पैलतीराला लागली, पडद्याने निरंजन जिंकला म्हणून जाहीर केलं. त्याला जिंकल्यासारखं काहीच वाटेना. त्याला रडू येत होतं आणि सरांसमोर रडायची लाज वाटत होती.

बऱ्याच वेळाने त्याने नाक पुसलं.

"आजच त्याला फोन करतो. पण सर, रविवारी काय करू? स्क्रू इथे ठेवला तर माझ्या सगळ्या टेपा मुक्या. तिथे ठेवला तर याची मुकी. त्याची बरोबर जागा कोणती, तेवढं तरी सांगा."

सरांनी सालपटं गोळा केली.

"रविवारी स्क्रूड्रायव्हर खिशात असू दे."