नववी सुपारी

ऐका केतुदेवा, धूम्रवर्णा, तुमची कहाणी.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. तिथं खंडोजी नावाचा कोष्टी राहत असे. बायकोचं नाव गोजा. घरात माग एक, लेकी दोन. थोरली सगुणा, धाकटी ठकू. सगुणेचा हात मोठा गुणी. तिनं आपल्या लग्नाचं लुगडं मागावर चढवलं. निम्मं विणून झालं, तोच तिला ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली.

गोजा रडली नाही. या मागाला कोणी शिवायचं नाही, एवढंच तिनं घरात सांगितलं. लेकीचं नाव तिनं घेतलं नाही, दुसऱ्या कोणाला घेऊ दिलं नाही.

मग कार्तिकाची अवस आली. घरची रीत अशी, की दर अवसेला नवग्रह पूजावे, नऊ धान्यांच्या नऊ मुठी मांडून वर नऊ सुपाऱ्या ठेवाव्या. गोजेनं सूर्याचे गहू मांडले, चंद्राचे तांदूळ मांडले, असे आठ ग्रह बसवले. नववे कुळीथ केतूचे. केतू म्हणजे तुटलेला ग्रह. धड आहे, शिर नाही. माणसाचं जे सुटायचं, ते त्याच्या हातून सुटतं. गोजा मनाशी म्हणाली, यानंच माझी लेक नेली, याला माझ्या घरी जागा नाही. मग तिनं कुळीथ मडक्यात परत ओतले, नववी सुपारी अंगणात भिरकावली.

त्याच दिवशी दारी एक बैरागी आला. अंगावर धुराच्या रंगाची कांबळ, डोक्यावरून पुढं ओढलेली. तोंड काही दिसेना. त्यानं मूठभर कुळीथ मागितले. गोजा म्हणाली, कुळीथ सरले. मडकं तर भरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पाहते, तो त्यात किडेच किडे.

माग अडला. खंडोजी परक्याच्या मागावर मजुरीला जाऊ लागला. अंगावरची जुनी वस्त्रं फाटली. पाणवठ्यावर बाया म्हणत, कोष्टिणीच्या लुगड्याला गाठी किती, मोजा गं. खंडोजी एकदा जेवताना म्हणाला, "आठांना तू नैवेद्य दाखवतेस. नववा उपाशी राहिला, तो माझ्या ताटात येऊन बसला."

मग मार्गशीर्षाची अवस आली. बैरागी आला. या खेपेस त्यानं टेकायला पाट मागितला. गोजेनं पाट नाही म्हणून सांगितलं. सांजेला दिवा लावताना ती थोरलीचा चेहरा आठवू गेली. तो आठवेना.

मग पौषाची अवस आली. सकाळपासून ठकूला ताप भरला. ती मागाशेजारी गोणपाटावर कुडकुडत पडली. गोजेनं पेटी उघडली, गाठोडी सोडली. कोष्ट्याच्या घरात पांघरायला चिंधी मिळेना. मागं वळते, तो बैरागी दारात उभा.

"माई, वस्त्र दे."

"घरात वस्त्र नाही."

"मागावर आहे."

"ते माझ्या लेकीचं आहे."

"कोणत्या लेकीचं?"

गोजेनं मागाकडे पाहिलं. मग गोणपाटाकडे पाहिलं.

"सगुणेचं," ती म्हणाली. तीन महिन्यांनी ते नाव घरात उमटलं. मग ती म्हणाली, "तोडलं तर ती परत येईल?"

"नाही," बैरागी म्हणाला. "मी नेलेलं परत आणीत नाही. पण माझं तोडणं केव्हाच झालं. उरलेला धागा तुझ्या हातात आहे."

गोजेनं सुरी घेतली. एकदा हात मागं आला, दोनदा आला, तिसऱ्यांदा तिनं लेकीचं नाव मोठ्यानं घेतलं आणि ताणा कापला. निम्मं लुगडं ठकूला डोक्यापासून पायांपर्यंत पुरलं. मग गोजा रडली. तीन महिन्यांचं रडं एका दिवशी रडली. रडता रडता तिला सगुणेचा चेहरा दिसला, कपाळावरच्या देवीच्या व्रणासकट. दारात पाहते, तो बैरागी नाही. उंबऱ्यावर नववी सुपारी.

ठकूचा ताप उतरला. माघाच्या अवसेला गोजेनं नऊ ग्रह मांडले. कुळथाची मूठ नीट निवडून घेतली, केतूला पाट दिला. मग ठकू मागावर बसली. मागावर राहिलेल्या तुटक्या दोऱ्यांना तिनं नव्या ताण्याची टोकं सांधली आणि विणायला घेतलं. कापडाच्या आरंभी गाठींची एक ओळ राहिली. ती कोणी झाकली नाही. घरात अन्न आलं, वस्त्र आलं. सगुणा आली नाही. वाचणारीनं इथं थांबावं, वेगळं सांगू नये.

या वशाला काय करावं? अवसेला कुळीथ मांडावे. घरातला एक धागा आपल्या हातानं तोडावा. गेलेल्याचं नाव मोठ्यानं घ्यावं. परत मागू नये.

केतुदेवा, गोजेला जसं रडू दिलंत, राहिलेल्या लेकीकडे जसं पाहू दिलंत, तसं आम्हां ऐकणारणींनाही रडू द्या, पाहू द्या. साठ उत्तरांत सांगायची ही कहाणी पाच उत्तरांत आवरली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.