सैल तार

तारांना माणसांची दया यायची, त्या काळातली ही गोष्ट. वसईची आग्नेस नुकतीच गिटार शिकत होती. डाव्या हाताने तार घट्ट दाबायची, उजव्याने छेडायची, एवढंच ती रोज करायची. तिच्या बोटांची टोकं लाल झाली, मग सोलली.

सगळ्यात बारीक तारेला ते पाहवेना. ती आपल्याला ताणून धरणाऱ्या खुंटीला म्हणाली, "मला जरा सैल सोड. पोरीला फार लागतं."

"लागू दे. घट्टे पडले की दुखायचं थांबेल."

"तुला काळीजच नाही."

खुंटीला ते झोंबलं. ती उलटी फिरली आणि तार सैल झाली.

दुसऱ्या दिवशी बोटं दुखली नाहीत, पण तार नुसती खडखडली. आग्नेसने बोटं सरकवून पाहिली, बसायची रीत बदलून पाहिली. तारेवर तिचा संशय गेलाच नाही.

"पपा, माझ्या हातातच सूर नाही," ती म्हणाली, आणि तिने गिटार भिंतीला टांगली.

खाऱ्या हवेत तार गंजत गेली. कधीतरी धूळ पुसताना आग्नेसची बोटं तिला लागायची. ती बोटं अजून मऊच होती.