मागची जखम

“केस परत येतील ना, महाराज?”

मंडपाच्या कडेला दोन बायका गोवऱ्यांची राख चाळत होत्या. मुनिमहाराज तिकडे पाहत होते.

प्रश्न विचारणारा भरतेश मगदूम. महाराज चातुर्मासासाठी गावच्या जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, आले, तेव्हापासून तो प्रवचनाला रोज पहिल्या ओळीत बसायचा. महाराजांनी काही विचारलं, की सर्वांआधी उत्तर त्याचं. आज तो लोक जमायच्या आत आला होता. डोक्यावर काळी टोपी होती. ती त्यानं दोनदा सारखी केली.

“श्रावणात पुण्याला जाऊन केस रोवून घेतले,” तो म्हणाला. “कपाळावरचे गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं तसं सगळं केलं. उशी उंच करून उताणा झोपलो. उन्हात गेलो नाही. खपल्या धरल्या, पडल्या, एकीला नख लावलं नाही. आणि आता… रोवलेलेच गळायला लागलेत.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“म्हणतात, सगळ्यांचं असंच होतं. रोवलेले आधी गळतात. मूळ आत राहतं. काही महिन्यांनी नवे फुटतात.”

“मग मला काय विचारतोस?”

“आशीर्वाद द्या. दिवाळीनंतर माझं लग्न आहे. त्याआधी यावेत.”

महाराज हसले. आवाज न करता.

“आज माझा केशलोच. थोड्या वेळानं मी डोक्यावरचा एकेक केस हातानं उपटायला बसणार. आणि तू माझ्याकडे केस मागायला आलास.”

भरतेशचा चेहरा उतरला. पण तो गप्प बसणारा नव्हता.

“देह वेगळा, आत्मा वेगळा. मला पाठ आहे, महाराज.”

“बरं. केस कुणाचे?”

“देहाचे.”

“आणि टोपी?”

भरतेशनं खाली पाहिलं. सतरंजीवर एक बारीक केस पडला होता. त्यानं तो उचलला आणि खिशात ठेवला.

“सुप्रभाला ठाऊक नाही,” तो हळूच म्हणाला. “साखरपुड्याला मागचे केस पुढं ओढून बसवले होते. आता तेवढेही नाहीत. नवरदेव असा दिसला तर लोक हसतील. ती हसेल. आज तिच्या घरी निरोप धाडतो. लग्न पुढं ढकला म्हणून.”

“कारण काय सांगशील?”

“आईची तब्येत.”

“आई कशी आहे?”

“ठणठणीत.”

महाराजांनी मोरपिसांची पिंछी उचलली. भरतेशनं डोकं पुढं केलं आणि लगेच मागं घेतलं.

“हळू, महाराज. अजून नाजूक आहे.”

पिंछी कपाळाकडे गेलीच नाही. ती त्याच्या मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूला टेकली.

“हे पुढं रोवलेले केस आणले कुठून?”

“इथूनच. मागून काढून पुढं लावतात.”

“म्हणजे जखम इथंही होती.”

“होती. जास्तच होती. उशीला रक्त लागायचं.”

“मग?”

“भरली.”

“कधी?”

भरतेशनं टोपी पुन्हा सारखी केली.

“…लक्ष नव्हतं.”

“हं,” महाराज म्हणाले. “राखेचं ताट आज तू धर. ते उघड्या डोक्यानं धरतात.”

लोक जमले. महाराज पाटावर बसले आणि मौनात गेले. राखेत बोटं बुडवायची, चिमटीत केस धरायचे, उपटायचे. टाळूवर रक्ताचे बारीक थेंब आले. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

भरतेश ताट धरून उभा होता. टोपी खिशात होती. कपाळावर लालसर कातडी, आणि तीत तुरळक उभे राहिलेले दोनचार केस. मागून कुणीतरी खाकरलं. त्याला वाटलं, आपल्यालाच.

पडणारे केस झेलायला पांढरं कापड धरून एक मुलगी पुढं आली. नंतर ते नदीत सोडायचे असतात.

ती सुप्रभा होती.

ताट एका बाजूला कललं.

“ताट सरळ धरा,” ती पुटपुटली. “सांडेल.”

“तू… इथं?”

“आमच्या घराचा मान आहे आज.”

तिनं वर पाहिलं. त्याच्या कपाळाकडे. मग परत कापडाकडे.

“सारखा हात लावू नका तिथं,” ती म्हणाली. “टोपीत हात घालून खाजवता, सगळ्यांना दिसतं.”

“तुला… कळलं होतं?”

“श्रावणाच्या घामात टोपी कोण घालतं? आणि प्रवचनाला तुम्ही पुढं बसता, मी मागं. टोपीखाली लाल ठिपके दिसायचे. मला वाटायचं, किती दुखत असेल. मग खपल्या आल्या. मग एकेक करून ठिपके गेले सगळे.” ती थांबली. “गेल्या अष्टमीपर्यंत कानामागं एक राहिला होता. आता तोही नाही.”

भरतेशचा मोकळा हात मागं गेला. बोटं कानामागं फिरली. तिथं गुळगुळीत कातडी होती आणि बारीक, खरखरीत केस.

सुप्रभा हसली नाही. कापड भरलं तशी तिनं त्याची चारी टोकं जुळवली, गाठ मारली आणि बायकांबरोबर नदीकडे गेली.

लोक पांगले. महाराजांनी मौन सोडलं. त्यांचं डोकं लाल झालं होतं आणि बोटं राखेनं करडी.

भरतेश ताट घेऊन तसाच उभा होता.

“तिनं पाहिलं, महाराज.”

“हं.”

“आधीपासून पाहत होती.”

“हं.”

“पण पुढचे केस लग्नाआधी आले नाहीत तर? आता तिच्या घरी निरोप काय धाडू?”

महाराजांनी ताटातली उरलेली राख चिमटीत घेतली, बोटांवर चोळली आणि झटकली.

“मागची जखम भरली,” ते म्हणाले, “तेव्हा कुणाला निरोप धाडला होतास?”